मुकादम आजारी की दोर तुटलेला

जळगाव

बावीस वर्षं मी एका प्रथिनाच्या मागे आहे, आणि एवढ्या वर्षांत त्याच्यापायी कधी ऊन अंगावर घ्यावं लागलं नव्हतं. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एसी असतो. तो माणसांसाठी नसून यंत्रांसाठी असतो, पण त्याच्या आडोशाने आमचंही भागतं. वैशाखात जळगावला जाणार म्हटल्यावर सहकाऱ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं, आणि त्यांचं बरोबर होतं हे स्टेशनाबाहेर पाऊल ठेवताच कळलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि हँडल धरवत नाही म्हणून रिक्षावाल्याने त्याला ओला फडका गुंडाळला होता.

मला बोलावलं होतं वैशालीने. ती माझी होस्टेलमधली मैत्रीण, गेली कित्येक वर्षं इथे लहान मुलांची डॉक्टर. तिने फोनवर एक फोटो पाठवला होता. लाल फ्रॉकमधली चार वर्षांची मुलगी, आणि तिचे केस चंदेरी. पांढरे नव्हेत, पिंगटही नव्हेत, स्टीलचा नवा डबा उन्हात धरावा तसे. फोटोत ऊन जास्त आलंय का, असं मी विचारलं. वैशाली म्हणाली, इथे ऊन नेहमीच जास्त असतं, केस तसेच आहेत, आणि हे तुझ्या त्या रॅबचंच प्रकरण दिसतंय, तर तू ये.

रॅब-सत्तावीस हे माझ्या प्रथिनाचं नाव. पेशीच्या आत मालाची सतत ने-आण चाललेली असते. माल पातळ पडद्याच्या पिशव्यांतून जातो, आणि कुठली पिशवी कुठे न्यायची हे ठरवायला काही चिमुकली प्रथिनं असतात. त्यांना लहान जीटीपीएज म्हणतात. रॅब त्यांच्यातलंच. हे मी वर्गात शिकवलंय, उंदरांच्या पेशींत पाहिलंय, त्यावरून परिषदांमध्ये भांडलेही आहे. पण त्या कामात बिघाड झालेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे सांगताना मला लाज वाटते.

मुलीचं शाळेतलं नाव तनिष्का, घरात सगळे चांदी म्हणतात. मुक्ताईनगरच्या पुढे तिचं गाव. तिच्या आधी एक भाऊ झाला होता, तो सात महिन्यांचा असताना तापाने गेला. डोक्यावर नीट केस यायच्या आतच गेला, त्यामुळे त्याचे कसे होते हे कुणालाच सांगता येत नाही. चांदीलाही वर्षभरात दोनदा मोठा ताप येऊन गेला होता. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा केसांमागे दोन गोष्टी असू शकतात. एकीत फक्त केस चंदेरी राहतात, बाकी काही होत नाही. दुसरीत एखादा साधा ताप मुलाला घेऊन जातो. ती असेल तर पुढचा ताप यायच्या आत दुसऱ्या कुणाचा बोन मॅरो मुलीला द्यावा लागतो, आणि त्याआधी जबर औषधांनी तिचा स्वतःचा मारून टाकावा लागतो. त्यातही मुलं दगावतात. दोन्हींतली कुठली, ते रक्ताच्या जनुक-तपासणीत कळलं असतं. नमुना पाठवलाही होता, पण वाटेत उन्हाने नासला. भाऊ तापाने गेलेला असल्याने डॉक्टरांनी वाट न बघता आखाजीनंतरची तारीख देऊन ठेवली होती.

म्हणून मी बर्फाचा डबा घेऊन आले होते. नवे नमुने घ्यायचे, स्वतःच्या मांडीवर पुण्याला न्यायचे, आमच्याकडेच तपासायचे. संध्याकाळी वैशालीने चांदीचा एक केस माझ्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या केसात रंग पिठासारखा बारीक पसरलेला असतो. या केसात तो गोळ्या-गोळ्यांनी साचला होता, मधे सगळं कोरं. वाहतूक बंद पडलेली होती, यात शंका नव्हती. पण कुणामुळे बंद पडली ते केस सांगत नाही.

त्या रात्री वैशालीने शेवभाजी केली होती. पुण्यात शेव तोंडी लावायला असते, इथे तिचीच तिखट भाजी होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि रात्रभर पाणी पीत बसले.

मुक्ताईनगरच्या पुढे

सकाळी चांदीचे वडील योगेश जीप घेऊन आले. नशिराबाद मागे पडलं, भुसावळ गेलं, आणि पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. बाहेर डोळे उघडवत नव्हते, पण बागेत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. चांदीचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, तिथेच भेटले. घडांची कापणी चालू होती. मजूर घड खांद्यावर घेऊन बांधावरच्या ट्रककडे चालले होते आणि मुकादम कुठला घड कुठल्या गाडीत ते ओरडून सांगत होता. मी हौसेने एका घडाला हात लावायला गेले. आबा "ताई, चीक" म्हणेपर्यंत तो माझ्या पांढऱ्या ओढणीवर पडलाही होता. केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा, इकडच्या बोलीत काया, होतो. आबा म्हणाले, आता ती ओढणी जाईल पण डाग जाणार नाही.

चांदी घरी ओसरीवर होती. तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. माझे केस चाळिशीतच पांढरे झाले आणि मी त्यांना कधी रंग लावला नाही. ती जवळ आली, माझी वेणी हातात घेतली आणि म्हणाली, "तुह्ये केस माह्यासारखे हायेत." गावात तिच्यासारखं कुणी नव्हतं. मी हो म्हटलं. खोटंच बोलले, पण तिला बरं वाटलं. पुढचे दोन दिवस तिने माझा पदर, म्हणजे डागाळलेली ओढणी, सोडली नाही.

आबांना सगळं समजावून घ्यायचं होतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवली होती, ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली होती, आणि त्यांना तिच्यातलं काहीएक कळलं नव्हतं. मी म्हटलं, आबा, तुमच्या बागेतच सगळं आहे. पेशीत रंगाच्या पिशव्या तयार होतात, त्या कडेपर्यंत नेल्या तरच केसात उतरतात. वाहणारा हमाल एक, पिशवी त्याच्या पाठीला बांधणारा दोर एक, आणि कुठली पिशवी उचलायची ते सांगणारा मुकादम एक. हा मुकादम म्हणजे माझं रॅब. जीटीपी नावाचा एक कण त्याला मिळाला की तो जागा होतो, पिशवीवर चढून बसतो आणि दोर मागवतो. काम झालं की त्याच कणाचा एक तुकडा तोडतो आणि झोपी जातो. आबा म्हणाले, आमचाही जेवला की झोपतो.

मग पुढचं सांगणं भाग होतं. या मुकादमाकडे फक्त केसांचंच काम असतं तर मी आले नसते. रक्तात शिपाई पेशी असतात, त्या रोगट पेशीवर विषाच्या पिशव्या ओततात. तिथेही हाच मुकादम. तो आजारी असला की रंगही अडतो आणि विषही. ताप आला की शिपाई भरलेल्या पिशव्या घेऊन नुसते उभे राहतात. काम उरकत नाही म्हणून आणखी शिपाई गोळा होतात, आणि शेवटी घरच्यांनाच झोडपून काढतात. हमाल आजारी असता तर मेंदूवर परिणाम दिसला असता. चांदी तर अंगणात शेळीच्या मागे धावत होती, त्यामुळे हमालावर माझा संशय नव्हता. राहिला दोर. तो रंगाच्या कामावरच लागतो. तुटलेला दोर असेल तर केस असेच राहतील आणि चांदी नातवंडं बघेल.

आबा म्हणाले, "म्हंजे मुकादम बिमार हाये का दोर तुटेल हाये, येवढंच पाह्यनं हाये." मी बावीस वर्षांत एवढ्या थोडक्यात कधी सांगू शकले नव्हते.

वैशालीने तयार करून दिलेला तक्ता मी भरायला घेतला. घरात कुणाला असा आजार होता का, आईकडे, वडिलांकडे, आजोळी. चांदीची आई मनीषा आणि आजी अक्का दोघी समोर बसल्या होत्या. दोघी नाही म्हणाल्या. दोघींचं माहेर एकच, धुळ्याच्या पुढे नरडाण्याजवळचं गाव. योगेशने मामाचीच मुलगी केली, म्हणजे अक्का मनीषाची सासूही आणि आत्याही. माझ्या दृष्टीने ही महत्त्वाची गोष्ट होती. एकाच घरातला बिघाड दोन्हीकडून आला की मुलात उतरतो. मी पुन्हा विचारलं, नरडाण्याला कुणाला असा आजार? दोघींनी एकमेकींकडे न बघता पुन्हा नाही म्हटलं.

अक्कांचा मात्र एक हट्ट होता. चांदीचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी काढायचं होतं, मग तिसऱ्या वर्षी, पण दोन्ही वेळा मामा आलाच नाही. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं, त्याशिवाय वस्तरा लागत नाही. एकदा मामाला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, एकदा कंबर धरली. आबा या गोष्टीवर दोन वर्षं नाराज होते आणि त्याच्याशी फोनवरही बोलत नव्हते. आता त्या औषधांनी चांदीचे केस गळणार हे अक्कांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या बऱ्याच वर्षांपासून इकडचंच बोलतात, पण चिडल्या की माहेरचं तोंडात येतं. "दवाखानामा केस जाणारच शेत ना," त्या मला म्हणाल्या, "मंग पह्यले मुक्ताईले जाऊ द्या." त्यासाठी त्या स्वतः यंदा माहेरी जाणार होत्या, भाच्याला धरून आणायला.

मला हे वेळ घालवणं वाटलं, आणि मी ते बोललेही. अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी त्यांनी वाढलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाऊ लागले. आज वाटतं, त्यांनी माझं ऐकलं असतं तर फार वाईट झालं असतं.

धुळ्यावरून नरडाण्याला

आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आंबे आणि सोन्याच्या जाहिराती. खानदेशात तिला आखाजी म्हणतात आणि ती माहेरवाशिणींची असते. रस्त्यात प्रत्येक एसटी थांब्यावर पिशव्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. जीपमध्ये योगेश, मी, मनीषा, अक्का आणि चांदी. माहेरच्या आणि सासरच्या माणसांच्या रक्ताचे नमुने मला हवेच होते, त्यामुळे मला बरोबर घेणं सोयीचं होतं. पारोळा सोडला तशी सकाळपासून दुखणारी अक्कांची कंबर दुखायची थांबली. धुळ्यात आम्ही चहाला उतरलो तेव्हा त्या टपरीवाल्याशी पूर्ण अहिराणीत बोलत होत्या, बठ्ठा नातेवाईक कोठे शेत, कसा शेत, म्हणजे सगळे कुठे आहेत, कसे आहेत.

सोनगीरच्या पुढे चाक पंक्चर झालं. दुसरं चाक होतं, पण जॅक योगेशने शेजाऱ्याला दिला होता आणि शेजाऱ्याने अर्थातच परत केला नव्हता. योगेशने मेहुण्याला फोन लावला. अर्ध्या तासाने मोटारसायकलवरून कैलास आला, मनीषाचा थोरला भाऊ, चांदीचा तो न येणारा मामा. अडतीस वर्षांचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला. डोक्या-तोंडाला पांढरा रुमाल गुंडाळलेला, काळा गॉगल, मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या. त्यात काही विशेष नव्हतं. वैशाखात तिकडचा प्रत्येक माणूस असाच फिरतो. त्याने सोबत आणलेला जॅक लावून चाक बदललं. चांदी रस्त्याकडेच्या निंबाखालून त्याच्याकडे बघत होती. त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्याचा मनापासून राग आला.

घरी पोचलो. अक्कांची भावजय, म्हणजे कैलासची आई, दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. तिचा नवरा, अक्कांचा भाऊ, तीन वर्षांपूर्वी गेला. कैलासची बायको ज्योती मागच्या दारी चुलीवर खापर पालथं घालून पुरणाच्या पोळ्या करत होती. आमच्या पुण्याची पोळी पोळपाटावर बसते. ज्योती ती दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करत होती आणि मग खापरावर अलगद सोडत होती. मी तिथेच उभी राहून बघत होते. बाजूला टाकीचा नळ होता. कैलास तिथे हाताचं ग्रीस धुवायला आला. मी चुलीच्या धुरामागे त्याला दिसले नसेन. त्याने बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि हात पाण्याखाली धरले.

त्याच्या हातांवरचे केस चंदेरी होते.

मी तिथून हलले नाही. त्याने गॉगल काढून तोंडावर पाणी मारलं, तेव्हा पापण्याही दिसल्या. कानामागून काळं पाणी ओघळून कॉलरवर आलं होतं. बावीस वर्षं जे मी उंदरांत शोधत होते, ते एका नळाखाली हात धूत होतं, अडतीस वर्षांचं, धडधाकट, नुकतंच जीपचं चाक बदलून आलेलं. मला रडू येत होतं आणि ते धुरामुळे येतंय असं ज्योतीला वाटलं. तिने मला आत जायला सांगितलं.

मी जेवले नाही. आमरसाची वाटी तशीच ठेवली, आणि ही माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालेली गोष्ट आहे. जेवणं झाल्यावर मनीषा निंबाला बांधलेल्या झोक्यावर चांदीला घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि काय पाहिलं ते सांगितलं. काल तुला मी दोनदा विचारलं होतं, असंही म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण चांदीने झोक्याचा दोर घट्ट धरला.

मनीषा म्हणाली, "तुम्ही आजार इचारा व्हता, मॅडम. भाऊले कोठे आजार शे?"

खरंच होतं ते. तक्त्यावर आजार छापलेलं होतं, मी आजार विचारला. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनीही आजारच विचारला. कैलास कधी आजारी पडलाच नव्हता. त्याचे केस या घरात खोट होती, लाज होती, आणि माहेरची खोट सासरी सांगायची नसते. तिची आत्याही तेच करत होती. एकाच माहेरच्या दोघी एका चुलीवर सात वर्षं राहिल्या, दोघींना ठाऊक होतं, समोरचीलाही ठाऊक आहे हेही माहीत होतं, आणि दोघींनी एकमेकींजवळ एकदाही विषय काढला नव्हता. कैलास लहान असताना त्याची आई स्वतः घरात त्याचा गोटा करायची आणि नवस आहे म्हणून सांगायची. योगेशला ते नंतर आठवलं. सुट्टीत यायचो तेव्हा कैलासला केसच नसायचे, तो म्हणाला. पुढे कॉलेजात जाताना पहिली रंगाची पुडी आली, आणि तेव्हापासून दर आठ दिवसांनी.

मी कैलाससमोर जाऊन बसले. तो उठून जाईल असं वाटलं होतं, पण बसून राहिला. मी त्याला मुकादम, दोर, हमाल सगळं सांगितलं, आबांना सांगितलं तसंच. तुझं आणि तिचं एकच असेल तर मुकादमाचा काही दोष नाही, कारण मुकादम आजारी असता तर तू इतकी वर्षं धडधाकट राहिला नसतास. हा पुरावा नव्हे, पुरावा रक्तात मिळेल. पण तू रक्त दिलंस तर मी आजच त्या डॉक्टरांना थांबायला सांगू शकते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्याची आई दारात उभी आहे. ती म्हणाली, हे बाहेर गेलं तर सुनेच्या माहेरचे काय म्हणतील, लग्नात आम्ही सांगितलं नव्हतं.

कैलास माझ्याकडे बघत होता. तो जावळाला का आला नाही ते त्याने तेव्हा सांगितलं, हळू आवाजात. पोरगी मांडीवर घेतली असती तर कुणीतरी दोघांकडे एकदम बघितलं असतं. आणि पोरगी त्याच्या वळणावर गेली, त्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली, असं त्याला ती जन्मली तेव्हापासून वाटत होतं. माझा दुपारचा राग आठवून मला शरम वाटली.

ज्योती चुलीजवळून पिठाचे हात पुसत आत आली होती. ती नवऱ्याकडे न बघता सासूला म्हणाली, "माय, नऊ वरीस व्हयनात. उशीना अभ्रा कोण धोस? मीच ना." मग ती मला म्हणाली, ताई, सुई काढा.

कैलासने स्वतःच बाही वर केली. नमुने घेताना तो मुळीच हलला नाही. चांदी कधी येऊन उभी राहिली कुणी पाहिलं नाही. तिने बोट त्याच्या हातावरून कोपरापर्यंत नेलं आणि त्याच्या मांडीवर चढून बसली. अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच, पोळ्या गार होत आहेत म्हणून सगळ्यांवर ओरडल्या. त्या दिवशीची माझी पोळी मी संध्याकाळी खाल्ली, दोन वाट्या रसाबरोबर.

निघताना बर्फाच्या डब्यात नळ्यांच्या शेजारी दोन आंबे सापडले. कैलासच्या आईने ठेवले होते, थंड राहतील म्हणून.

पुणे

डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. तपासणीला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत चांदीला एकदा ताप आला. दोन रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपले. ताप आपोआप उतरला.

निकाल पडद्यावर आला तेव्हा मी आधी माझं प्रथिन बघितलं. दोघांच्याही रॅबमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. बिघाड दोराच्या जनुकात होता, मामा आणि भाची दोघांत अगदी एकाच जागी, दोन्हीकडून आलेला. कोर्टातून आपलं माणूस निर्दोष सुटावं तसं मला वाटलं. मी आबांना फोन लावला आणि म्हटलं, दोर. आबांनी विचारलं, "आन् मुकादम?" मी म्हटलं, ठणठणीत. आबा मनीषाला हाका मारत फोन घेऊन घराकडे निघाले.

मग मनीषाने फोन घेतला. तिने एकच विचारलं, मग माझा मुलगा कशाने गेला. मी तिला खरं सांगितलं, की ते आता कुणालाच कळणार नाही, लहान बाळांना साधे तापही सोसत नाहीत. पण तिच्या माहेरामुळे गेला नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. ती म्हणाली, हे एकदा अक्कांनाही सांगा.

मुक्ताईनगर

जावळाला मी गेले. ओढणी तीच घेतली होती, डाग गेला नव्हता. देवळामागच्या झाडाखाली चांदी नव्या फ्रॉकमध्ये बसली होती. आबा वाटेकडे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. कैलास आणि ज्योती सकाळच्या गाडीने आले. कैलासने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. दीड महिना त्याने रंग लावला नव्हता. मुळाशी पेरभर चंदेरी आणि टोकांना काळं, असं त्याचं डोकं सगळं गाव बघत होतं. त्याचे कान लाल झाले होते, पण तो सरळ चालत आला.

वस्तरा घेऊन बसलेल्या कारागिराने पाटाकडे बोट केलं, मामाने बसावं, मुलीला मांडीवर घ्यावं. कैलास उभाच राहिला. म्हणाला, "आधी मनं." त्याचं जावळ कधी झालंच नव्हतं. लपवून केलेल्या गोट्याचे केस आई पहाटे उकिरड्यात पुरून यायची. अडतीस वर्षांच्या माणसाला मांडीवर कोण घेणार, असा प्रश्न पडला, आणि त्याचे मामा तर केव्हाच गेलेले. तेव्हा दोन वर्षं न बोललेले आबा पुढे सरकले, त्याच्या मागे मांडी घालून बसले आणि त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले.

त्याचं झाल्यावर चांदी त्याच्या मांडीवर बसली. वस्तरा फिरत होता तोवर ती मामाच्या हातावरचे केस एकेक करून ओढत होती आणि तो ओढू देत होता. अक्का आणि मनीषा एकच ताट दोन बाजूंनी धरून बसल्या होत्या, त्यात दोघांचे केस पडले. एक बट मला प्रयोगशाळेसाठी हवी होती. अक्का म्हणाल्या, यातलं काही मिळणार नाही, सगळं तापीचं. मी पुन्हा मागितली नाही.

चांदी खाली उतरली. तिने स्वतःच्या गोट्यावरून हात फिरवून पाहिला, मग मामाच्या. थोडा विचार केला. "मामा," ती म्हणाली, "तुह्ये केस आता कोन्ते येतीन? काये का माह्यासारखे?"

कैलासने आधी ज्योतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुना जसाच," तो म्हणाला.